आठचं मॉडेल की अकराचं?

“क्लच कुठला?” तिनं विचारलं.

मी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले, चेहऱ्यावर जमेल तेवढा अनुभव आणला आणि उजव्या पायाखालचं पेडल दाबलं.

“तो अ‍ॅक्सिलरेटर,” ती समोरच्या काचेतून बाहेर बघत म्हणाली. “मधला ब्रेक. आता एकच उरला. बघा सापडतोय का.”

बाहेर, बॉनेटपासून दहा पावलांवर, तिचे वडील आणि माझा मामा उसाचा रस पीत उभे होते. आमच्याकडे बघायचं नाही असं ठरवून दोघंही आमच्याकडेच बघत होते. मी त्यांच्याकडे बघून हसलो आणि डाव्या पायानं क्लच शोधून दाबला.

“गाडी येत नाही ना तुम्हाला?”

“येते की.”

“कुठली?”

“सायकल,” मी म्हणालो. खोटं रचायला ही बाई वेळच देत नव्हती.

याला आता बारा वर्षं झाली. मी तेव्हा इचलकरंजीच्या एका प्रोसेस हाऊसमध्ये शेड मॅचिंग करायचो. म्हणजे गिऱ्हाइकानं कापडाचा तुकडा द्यायचा, आमच्याकडे तागे रंगायचे, आणि त्या दोघांचा रंग जुळला की नाही ते मी नुसत्या डोळ्यांनी सांगायचं. दिवसभर लाल आणि किंचित कमी लाल यांतला फरक बघत बसणाऱ्या माणसाला एकोणतिसाव्या वर्षापर्यंत मुलगी मिळाली नव्हती यात नवल काही नाही. सात घरचे पोहे खाऊन झाले होते. आठव्या वेळी बंडामामानं माझा बायोडाटा स्वतःच्या ताब्यात घेतला.

बंडामामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. लग्नं जमवणं हा त्याचा धंदा नव्हता, व्यसन होतं. कोल्हापूरचे इंगवलेसाहेब मोटारींचे शौकीन आहेत एवढी बातमी त्यानं कुठूनतरी काढली आणि माझ्या बायोडाटातलं ‘छंद : वाचन, फिरणे’ खोडून तिथं लिहिलं, ‘छंद : मोटारींची पारख’.

“मामा, मला गाडी येत नाही,” मी म्हणालो होतो.

“चालवाय येती असं कुठं लिवलंय? पारख म्हटलंय. आनि शंभर खोटं बोलावं पर एक लगीन जमवावं. तू गप बस.”

मी गप्प बसलो. आमच्या घरी माझ्या बाबतीत हीच पद्धत होती. आई बोलायची, मामा लिहायचा आणि मी इस्त्रीचा शर्ट घालून जायचो.

चार दिवसांनी इंगवलेसाहेबांचा फोन आला. पोह्यांचं नंतर बघू, म्हणाले, आमच्या रेणूसाठी गाडी घ्यायची आहे, जुन्या बाजारात दोन हेरून ठेवल्यात, तर रविवारी साडेनऊला उचगावजवळ हायवेला या. तुमच्या मुलाची पारखही बघू आणि मुलामुलीची गाठही पडेल.

म्हणून त्या सकाळी मी उत्तम चौगुले नावाच्या माणसाच्या पत्र्याच्या शेडमध्ये, एका लालभडक गाडीच्या ड्रायव्हरच्या सीटवर बसलो होतो. ‘दोघांना जरा बोलू द्या’ हा कार्यक्रम लोक गच्चीवर नाहीतर परसात करतात, साहेबांनी तो गाडीत केला. दारं लावून घेतली आणि म्हणाले, “बोला निवांत. गाडीपण बघून हुईल.”

“तुमच्या बायोडाटात तर मोटारींची पारख लिहिलंय,” रेणुका म्हणाली.

“मामानं लिहिलंय.”

“वाटलंच. माझ्यात बाबांनी रांगोळी आणि भरतकाम लिहिलंय. मी जन्मात सुईत दोरा ओवलेला नाही.”

मला खरंच वाईट वाटलं. निदान दोऱ्यांच्या रंगांवर दोन वाक्यं बोलता येतील या भरवशावर तर मी आलो होतो.

“मग तुम्ही करता काय?”

“सांगलीला पॉलिटेक्निकमध्ये शिकवते. ऑटोमोबाईल. पोरांसमोर इंजिन खोलते आणि परत बसवते.”

“हे का नाही लिहिलं?”

“ग्रीसमध्ये हात घालणारी मुलगी म्हटल्यावर पाहुणे चहालासुद्धा थांबणार नाहीत, असं बाबा म्हणतात.”

मला हसू आलं, मग तिलाही आलं. बाहेर साहेबांनी मामाला कोपर मारलं आणि दोघांनी समाधानानं रसाचा घोट घेतला. त्यांना वाटलं जमतंय.

“हसू नका, ऐका,” ती एकदम गंभीर झाली. “आज यांतली एक गाडी मी घेणार. सहा वर्षं साठवलंय त्यासाठी. रोज सांगलीला जाऊन येऊन शंभर किलोमीटर मीच चालवणार. पण निवडणार कोण? बाबा. चार महिने मी कानीकपाळी ओरडतेय, ती रुपेरी घ्या, आठची. त्यांचं एकच, ही अकराची आहे, म्हणजे नवी आहे, आणि हिच्या छतातून आभाळ दिसतं.”

मी वर बघितलं. खरंच काचेचं छत होतं, त्यावर चिमणीनं आपलं काम केलेलं होतं.

दोन्ही गाड्या एकाच कंपनीच्या आणि एकाच मॉडेलच्या होत्या, फरक फक्त सालाचा. रुपेरी दोन हजार आठची, लाल दोन हजार अकराची. दोन्ही स्पोर्ट्स सेडान. सेडान म्हणजे मागे डिकी असलेली चार दारांची गाडी, आणि स्पोर्ट्स म्हणजे तीच, पण चालवणाऱ्याला घाई असलेली. ही व्याख्या मी नंतर स्वतःच तयार केली.

“आठची चांगली का?”

“तिचं स्टिअरिंग रस्ता हातात देतं. अकराला कंपनीनं सगळं मऊ करून टाकलं, गादीवर बसल्यासारखं. ते एक वेळ चालेल. पण ही गाडी मला सरळ वाटत नाही. कुठंतरी आपटलीय. बाबांना म्हटलं तर म्हणतात, तुझं पुस्तकी. परवा पंक्चरवाल्यानं सांगितलं म्हणून घरच्या जीपचं ऑइल बदललं. तेच मी सहा महिने सांगत होते.”

हे सांगताना तिचा आवाज जरा हलला. ती पटकन खिडकीकडे वळली आणि बाहेर काही नसताना बाहेर बघत राहिली. मला तिच्याविषयी वाईट वाटलं आणि साहेबांचा राग आला. दुसऱ्याच्या वडिलांचा राग येणं हा माझ्यासाठी नवा अनुभव होता.

“मी काय करू?” मी विचारलं.

“मी सांगते ते बोला. तुम्ही पाहुणे, त्यातून पुरुष, त्यातून पारखी. तुमचं ते ऐकतील. मला गाडी मिळेल, तुमचं बिंग फुटणार नाही.”

“आणि लग्नाचं?”

“ते वेगळं. आधी गाडी.”

मग पाच मिनिटांत तिनं मला मोटारींची पारख शिकवली. एक, दोन्ही बॉनेटना हात लावायचा. जी गरम लागेल तिच्याबद्दल विचारायचं की सकाळी ही कुणी चालू केली होती, कारण थंड गाडी चालू होताना कुरकुरत असेल तर विकणारा ती आधीच तापवून ठेवतो. दोन, इंजिन ऑइलचं झाकण काढायला लावायचं, त्याची आतली बाजू बघायची. पांढरट साय धरली असेल तर आत पाणी शिरलंय. तीन, मागच्या टायरच्या आतल्या कडेवरून हात फिरवायचा. तिथंच जास्त झिजलं असेल तर गाडी कुठंतरी आपटलीय. बाकी वेळ मान हलवायची.

“आणि माझी ओढणी बघत राहायची. उजव्या खांद्यावर असली की बोला. डाव्यावर घेतली की गप्प.”

“मला गप्प बसायची सवय आहे,” मी म्हणालो.

“ते दिसतंय,” ती म्हणाली आणि दार उघडून उतरली.

साहेब वाटच बघत होते. उंचेपुरे, पांढरी विजार, हात मागे बांधलेले. पाटबंधारे खात्यात तीस वर्षं सरकारी जीपच्या डाव्या सीटवर बसल्यामुळे मोटारीतलं आपल्याला सगळं कळतं अशी त्यांची खात्री होती. “हं, पाहुणं, आता तुमची परीक्षा,” ते म्हणाले. “काय म्हणतासा? माझं तर लालवर मन बसलंय. तीन वर्सानं नवी. उद्या वरात निघाली तर छतातनं नवरा-नवरी उभी ऱ्हातील.”

“लोण्यागत चालती साहेब,” चौगुलेनं भर घातली.

मी रेणुकाकडे बघितलं. ओढणी उजवीकडे. मी रुपेरी गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला, ती गार. लालच्या बॉनेटवर ठेवला आणि झटकन उचलला.

“सकाळी ही कुणी चालू केली होती?”

चौगुले जरा थबकला. “कुनी न्हाई. कालपास्नं हितंच हाय.”

“मग ही तापलीय कशानं? ऊन तर शेडात नाही.”

साहेबांनी स्वतः हात लावून बघितला. त्यांच्या भुवया वर गेल्या. मामाच्या तर डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. आपण लिहिलेलं खोटं असं डोळ्यांदेखत खरं होताना त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

झाकणाचं कामही झकास झालं. मी ते हातात घेतलं, उजेडाकडे धरलं, उलटं केलं, आणि ‘हं’ म्हणालो. झाकण स्वच्छ होतं. पण त्या ‘हं’मध्ये इतकं काही होतं की चौगुलेनं आपणहून सांगितलं, “ऑइल परवाच बदललंय साहेब.” रुपेरी गाडीच्या झाकणाला मी तसाच ‘हं’ म्हणालो, फक्त जरा मायेनं.

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. पण हायवेवरून उसाचे ट्रक सुटलेले, एकेक गेला की शेडात वाऱ्याचा झोत यायचा आणि रेणुकाची ओढणी या खांद्यावरून त्या खांद्यावर जायची. मी टायरपाशी वाकून बोलायला सुरुवात केली, “मागच्या टायरची आतली कड...” आणि ओढणी डावीकडे गेली. मी तोंड मिटलं.

“कड काय?” साहेब म्हणाले.

ओढणी उजवीकडे आली. “कड झिजलीय,” मी म्हणालो. ती परत डावीकडे. मी गप्प. परत उजवीकडे. आता माझ्याजवळ शिकवलेलं काहीच उरलं नव्हतं, पण हुकूम तर बोलायचा होता. रेणुका डोळ्यांनी नको नको म्हणत होती, ते मला ओढणीच्या नादात दिसलं नाही.

“ह्या गाडीचा ताणा बरा आहे,” मी गिरणीतलं जे तोंडाला आलं ते बोललो, “पण बाणा कमी पडतो.”

चौगुले आ वासून बघत राहिला. उभे-आडवे धागे कापडाला असतात, गाडीला नसतात, हे त्याला कळत असेल; पण बोलायची त्याची टाप नव्हती. साहेबांनी मात्र डोळे बारीक करून मान हलवली. “खरं हाय,” ते हळूच मामाला म्हणाले. “मला पन तसंच वाटत हुतं, पर शब्द सापडत न्हवता.”

रेणुकानं ओढणीचं टोक तोंडात कोंबलं आणि पाठ फिरवली. तिचे खांदे हलत होते.

“टायर काय, बदलता येतील,” साहेब सावरून म्हणाले. “बॉनेटचं म्हनाल तर चौगुलेच्या मानसानं चालू केली आसंल. मला काय एवढं वाटत न्हाई. लालच घ्यावी म्हनतो.”

मी रेणुकाकडे बघितलं. हसू पार गेलं होतं. तिनं ओढणी डाव्या खांद्यावर घेतली, या वेळी स्वतःच्या हातानं, आणि ती दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. आता पुरे, असा त्याचा अर्थ होता. चार महिन्यांत तिनं हा शेवट इतक्यांदा पाहिला असणार की तो तिला अर्ध्या वाटेतच ओळखू येत होता.

“एकदा उन्हात घेता का?” मी चौगुलेला म्हणालो. का म्हणालो ते मलाही सांगता आलं नसतं. आमच्याकडे ताग्याचा रंग ट्यूबलाइटखाली कुणी पास करत नाही, त्या सवयीनं असेल.

लाल गाडी शेडाबाहेर आली. सकाळचं तिरपं, स्वच्छ ऊन तिच्या अंगावर पडलं, आणि मला जे दिसलं ते कुणी शिकवलेलं नव्हतं.

“हे मागचं दार दुसऱ्या लॉटचं आहे,” मी म्हणालो.

“काय बोलता साहेब? कंपनी कलर हाय,” चौगुले म्हणाला.

“पुढचं दार पिवळ्याकडे झुकतंय, मागचं निळ्याकडे. डिकीपर्यंत तोच निळा आहे. दोन वेगवेगळ्या वेळी रंगवलंय.”

साहेब वाकले, चष्मा पुसला, पुन्हा वाकले. “मला तर लाल दिसतंय.”

“मामा, कागद दे,” मी म्हणालो. मामाच्या पिशवीत कागद एकच होता, माझ्या बायोडाटाच्या पंधरा प्रती. मी एक घेतली, घडी घातली आणि तिला बोटानं शेजारी शेजारी दोन भोकं पाडली. “निवास! गणपतीचं चित्र हाय वर!” मामा ओरडला. मी गणपती वाचवला होता. एक भोक माझ्या जन्मतारखेत पडलं आणि एक छंदांत. तो कागद दोन दारांच्या फटीवर असा धरला, की एका भोकातून पुढचं दार दिसावं आणि दुसऱ्यातून मागचं. आजूबाजूचं सगळं झाकलं की डोळा फसत नाही. रोज शंभर वेळा मी हेच करायचो.

साहेबांनी कागदाला नाक लावलं. मग सरळ झाले.

“चौगुले,” ते म्हणाले, “एक कुंकू हाय आनि एक डाळिंब.”

चौगुलेनं टोपी काढून डोकं खाजवलं. “मागच्या मालकानं उसाच्या ट्रॉलीला जरा टेकवली हुती साहेब. जराच.”

मी रेणुकाकडे बघितलं. ओढणी डावीकडेच होती, म्हणजे मी तिच्या हुकमाबाहेर बोललो होतो. पण ती रागावली नव्हती. ती माझ्याकडे अशी बघत होती की जणू बंद पडलेल्या गाडीचा हॉर्न अचानक वाजलाय.

रुपेरी गाडी ठरली. साहेब आणि चौगुले टेबलापाशी गेले, कागदांवर सह्या झाल्या, चौगुलेनं हार आणला, चार टायरखाली चार लिंबं ठेवली. मामानं दगडावर नारळ फोडला आणि माझ्या पाठीवर अशी थाप मारली की मी दोन पावलं पुढे गेलो. “जमलं!” तो कानात म्हणाला. “आता कायबी बोलू नगंस.”

साहेब खुशीत होते. खुशीत माणसं उदार होतात, आणि उदार झालेल्या माणसाला आजूबाजूचं दिसत नाही.

“बघितलंस रेणू?” ते माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. “ह्याला म्हनतात अक्कल. बॉनेटला हात लावला, झाकन उघडलं, टायर चाचपलं. तू चार महिनं नुसती बडबडलीस, ह्या पोरानं अर्ध्या तासात दाखवून दिलं. पुस्तकं शिकवून गाडी कळत नसती बाळा. त्याला नजर लागती.”

रेणुकाला तिची गाडी मिळाली होती. ती टायरखालच्या लिंबाकडे बघत उभी राहिली, मान खाली घालून, आणि तिनं नुसतं “हो बाबा” म्हटलं.

ते ‘हो बाबा’ मला फार लागलं. मला माझीच लाज वाटली. तिचंच बोलणं तिच्याच डोक्यात दगडासारखं घातलं जात होतं, आणि तो दगड उचलून दिलेला मी.

“हं, घ्या पाहुणं,” साहेबांनी खिशातून किल्ली काढून माझ्या हातात ठेवली. “ज्यानं पारखली त्यानंच लिंबावरनं काढायची. आमच्यात तसंच असतंय.”

किल्ली थंड आणि जड होती. मामा विजेच्या वेगानं पुढे आला. “त्येच्या मनगटाला मुरगळा हाय ओ साहेब, कालच पडला.” तेवढ्यावर सुटलो असतो. नुसतं मनगट धरून ‘आई गं’ म्हणायचं होतं. रेणुका मला दिसेल न दिसेल अशी मान हलवत होती. नको. आत्ता खरं सांगितलं असतं तर साहेब चिडून गाडीचाच बेत मोडायची भीती होती, हे मलाही कळत होतं. मग तिची सहा वर्षं पाण्यात. आणि माझं स्थळ तर असंही पाण्यात.

“साहेब,” मी म्हणालो, “माझ्या मनगटाला काही झालेलं नाही. मला गाडी येत नाही.”

मामानं डोळे मिटून घेतले.

“येत न्हाई म्हंजे?”

“म्हणजे क्लच कुठला तेही आजच कळलं. ही अक्कल माझी नाही, यांची आहे. गाडीत बसून यांनी मला पाच मिनिटांत शिकवली, कारण यांचं तुम्ही ऐकत नाही, आणि माझं ऐकाल हे यांना ठाऊक होतं.”

हायवेवरून एक ट्रक गेला. चौगुले हळूच दोन पावलं मागे सरकला.

“ते बॉनेटचं?” साहेबांनी विचारलं.

“यांचं.”

“झाकनाचं?”

“यांचं.”

“टायरचं?”

“तेही यांचंच.”

“आनि ते ताना-बाना?”

“ते कुणाचंच नाही साहेब. ते माझ्या तोंडून निसटलं.”

“आनि रंगाचं?”

“ते माझं. मी रंग बघतो. तेवढंच मला येतं.”

साहेबांचा चेहरा लाल झाला. कुंकवाचा की डाळिंबाचा ते मी त्या वेळी बघितलं नाही. ते वळले. हात मागे बांधून रुपेरी गाडीभोवती एक फेरी मारली, मग लाल गाडीभोवती एक. कॅनॉलच्या भिंतीला भेग शोधत असल्यासारखे ते चालत होते. मग ते रेणुकासमोर येऊन उभे राहिले. आता ओरडणार, मी म्हटलं. तिनंही खांदे आवळून घेतले.

“त्या लाल गाडीत आनि काय काय वाईट हाय?” त्यांनी विचारलं.

रेणुकाला आधी प्रश्न कळलाच नाही. “म्हणजे?”

“तुला इचारतोय. सांग.”

ती बोलायला लागली. आधी चाचरत, बापाच्या चेहऱ्याकडे बघत, आता मधेच तोडतील म्हणून घाई करत. त्यांनी तोडलं नाही. मग ती सावकाश झाली. डिकी उघडून तिनं त्यांना रंग लागलेले बोल्ट दाखवले, पाना फिरवल्याच्या खुणा दाखवल्या. ओढणी दोन्ही खांद्यांवरून काढून कमरेला बांधली आणि गुडघ्यावर बसून गाडीखालचं सांगितलं. साहेब तिच्याशेजारी पांढऱ्या विजारीसकट मातीत बसले. मधेच एकदा म्हणाले, “हे तू मला कधी सांगितलं न्हाईस,” आणि ती म्हणाली, “रोज सांगत होते, बाबा.” त्यावर ते विजारीची माती झटकत राहिले, झटकून झाली तरी झटकत राहिले.

उठले तेव्हा ते माझ्याकडे आले, माझ्या हातातली किल्ली काढून घेतली आणि तिला दिली. स्वतः गाडीला वळसा घालून डाव्या सीटवर जाऊन बसले.

लिंबं फचाफच फुटली. गाडी निघाली. मी, मामा, नारळाची दोन भकलं आणि चौदा बायोडाटा तिथंच उभे राहिलो.

“झालं तुजं समादान?” मामा म्हणाला. “आरं, मनगाट धराया काय जातंय? आता जन्मभर कापडाचं लाल बघत बस.”

त्याचं चुकत नव्हतं. पण मला वाईट वाटत नव्हतं. एकोणतीस वर्षांत मी पहिल्यांदा माझ्या मनचं वाक्य चारचौघांत बोललो होतो.

गाडी फाटकापर्यंत गेली आणि थांबली. मागचे पांढरे दिवे लागले. ती सरळ रेषेत मागे आली आणि माझ्या बुटापासून हातभर अंतरावर उभी राहिली. साहेबांनी काच खाली केली. चेहरा अजून कडकच होता.

“पाहुणं,” ते म्हणाले, “मी हिला आत्ता इचारलं, पोरगं कसं वाटतंय म्हनून.”

मी खिडकीपाशी वाकलो.

“ती म्हनती, एक चक्कर मारल्याबिगर मी कशालाच हो म्हनत नसते.” त्यांनी अंगठ्यानं मागची सीट दाखवली. “बसा.”

मी बसलो. मामाही भकलं घेऊन धावत आला, तर रेणुकानं आरशातून बघत त्याला सांगितलं की मामा, तुम्ही रिक्षानं या. हे तो आजही आमच्याकडे जेवायला आला की पहिल्या घासाला ऐकवतो.